५ लिटरचा स्टील कुकर: काही महिने रोज वापरल्यानंतर

कुकर ५ लिटरचा आहे, स्टीलचा. बुड तीन थरांचं, म्हणजे दोन्हीकडून स्टील आणि मधे ॲल्युमिनियम. झाकण बाहेरून बसणारं. गॅसवर रोज आणि इंडक्शनवर अधूनमधून वापरला. काम साधंच: भात, डाळ, कडधान्यं, उकडलेले बटाटे. पहिल्यांदाच कुकर घेणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहितोय, त्यामुळे चकाकी आणि पॅकिंगबद्दल काही नाही.

सगळ्यात आधी शिट्ट्या मोजणं सोडा. 'डाळीला चार शिट्ट्या, राजम्याला आठ' या हिशेबात आच कुठेच धरलेली नसते. शिट्टीचं वजन ठरावीक दाबाला उचललं जातं. हा दाब साधारण दर चौरस सेंटिमीटरला १ किलो असतो आणि त्या दाबाखाली पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळतं. अन्न लवकर शिजतं ते या २० जादा अंशांमुळे. आच वाढवली तर आतलं तापमान आणखी वाढत नाही, फक्त जास्त वाफ बाहेर जाते. मोठ्या आचेवर पाच शिट्ट्या चार-पाच मिनिटांत उरकतात आणि डाळ कच्ची राहते. तीच डाळ पहिल्या शिट्टीनंतर बारीक गॅसवर दहा मिनिटं ठेवली, तर एखादीच शिट्टी होते किंवा होतही नाही, पण डाळ पळीने घोटली जाते. तेव्हा पहिली शिट्टी होईपर्यंत मोठी आच, मग गॅस बारीक आणि घड्याळ लावायचं. गॅस किती बारीक? वजनाखालून मधूनमधून हलकी 'सुस्स' ऐकू यावी इतका. आवाज पूर्ण बंद पडला तर आत दाब धरला जात नाहीये, आच किंचित वाढवावी.

नवा कुकर आणल्यावर पहिल्या दिवशी त्यात अन्न शिजवू नका. साबणाने धुऊन अर्धा लिटर पाणी घाला, झाकण लावा आणि दोन-तीन शिट्ट्या होऊ द्या. रबराचा वास जातो, आणि वाफ कडेने येते की फक्त नळीतून (झाकणावरची, जिच्यावर वजन बसतं ती), हेही कळतं.

बाहेरच्या झाकणाच्या कुकरला वजन लगेच ठेवायचं नसतं. नळीतून वाफेची सलग, सरळ धार दिसू लागली की मग ठेवायचं. दोन कारणं आहेत. आतली हवा निघून जाते, आणि नळी मोकळी आहे याची खात्री पटते. वाफ थुंकल्यासारखी तुटक येत असेल किंवा येतच नसेल, तर गॅस बंद करून नळी तपासावी. आतून बसणाऱ्या झाकणाच्या कुकरांत वजन बहुधा झाकणावरच राहतं, तिथे सोबतच्या पुस्तिकेत लिहिलंय तसंच करा. झाकण लावण्याआधी नळी डोळ्यांसमोर धरून उजेडाकडे पाहायची सवय मात्र दोन्हींत हवी. भाताचं एक शीत किंवा डाळीचं साल त्यात अडकायला पुरतं.

आता प्रमाणं. वाटी म्हणजे इथे २०० मिली धरली आहे.

डब्यांत शिजवायचं असेल तर बुडात २ वाट्या पाणी आणि जाळी. पाणी डब्याच्या निम्म्याच्या वर आलं तर उकळताना आत शिरतं. तांदूळ धुऊन १ वाटीला २ वाट्या पाणी, तूर डाळ अर्धा तास भिजवून १ वाटीला अडीच वाट्या. पहिल्या शिट्टीनंतर बारीक गॅसवर १० ते १२ मिनिटं, आणि कुकर आपोआप पडू द्यायचा, म्हणजे आतला दाब आपसूक उतरू द्यायचा. भात मोकळा हवा असेल तर पाणी पाव वाटी कमी करा. तांदूळ नवा असेल तरीही कमीच. डाळीचा डबा खाली ठेवा, भाताचा वर. डाळ पावपट जागा सोडून भरा, ती फसफसते.

भात थेट कुकरमध्ये लावायचा तर १ वाटी तांदळाला दीड ते पावणेदोन वाट्या पाणी आणि शिट्टीनंतर बारीक गॅसवर चार-पाच मिनिटं पुरतात. इथे शक्यतो २ वाट्या तांदूळ तरी घ्यावेत. ५ लिटरच्या रुंद बुडावर एकच वाटी तांदूळ पसरला की पाण्याचा थर पातळ राहतो आणि तळाला लागतो. या कुकरची मोठी तक्रार हीच. दोन माणसांना रोज वाटीभर भात हवा असेल तर ५ लिटर गैरसोयीचा आहे, ३ लिटरचा घ्या. उलट, डबे एकावर एक ठेवायचे असतील तर ३ लिटरमध्ये ते सहसा बसत नाहीत.

काबुली चणे आणि राजमा आठ तास भिजवायचे, तेही तिप्पट पाण्यात, कारण ते फुगून दुपटीहून जास्त होतात. भिजवलेलं पाणी फेकून द्या, राजम्याचं तर नक्कीच. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारा एक विषारी घटक असतो. तो नीट उकळल्यावरच नष्ट होतो, त्यामुळे अर्धकच्चा राजमा चालवून घेऊ नये. दाणे बुडून वर दोन बोटं पाणी, शिट्टीनंतर बारीक गॅसवर १५ ते २० मिनिटं, मग कुकर पडेपर्यंत हात लावायचा नाही. दाणा बोटांनी दाबला की सहज चेपला पाहिजे, मधे पांढरट कणी लागता कामा नये.

२० मिनिटांनीही दाणा टणकच राहिला, तर कुकरला दोष देण्याआधी तीन गोष्टी पाहा. कडधान्य जुनं आहे का? फार दिवस साठवलेलं कितीही शिजवलं तरी पुरतं मऊ होत नाही. पाणी जड आहे का? त्यातल्या कॅल्शियममुळे साल घट्ट राहते. भिजवताना चिमूटभर खायचा सोडा घातला की फरक पडतो, जास्त घातला तर गरगट होतं आणि चवही साबणासारखी लागते. आणि तिसरं, टोमॅटो, चिंच किंवा लिंबू आधीच घातलं का? आंबट पदार्थ दाणा मऊ होऊ देत नाहीत. ते नेहमी शिजल्यावर घाला.

बटाटे मध्यम आकाराचे, अख्खे, सालासकट: शिट्टीनंतर ८ ते १० मिनिटं. अर्धे केलेले पाच-सहा मिनिटांत होतात. एकाच वेळी मोठे आणि छोटे घातले की छोटे फुटतात, मोठे आतून कडक राहतात. पालेभाजीसाठी कुकर लावूच नये, असं माझं मत. शिट्टी होईपर्यंतच तिचा लगदा होतो.

किती भरायचा, याचे नियम साधे आहेत. एरवी दोन तृतीयांशापर्यंत, डाळी-तांदूळ-कडधान्यं थेट कुकरमध्ये असतील तर निम्म्यापर्यंत. म्हणजे ५ लिटरमध्ये डाळ पाण्यासकट अडीच लिटर, त्यापुढे नाही. शिट्टीतून पिवळं पाणी उडून ओटा माखतो, तो बहुतेक वेळा याच कारणाने, नाहीतर आच फार असल्याने. डाळीवरचा फेस पहिल्या उकळीला काढून मग झाकण लावलं आणि चमचाभर तेल घातलं की उडणं बरंच कमी होतं.

कुकर पडायला पाच ते पंधरा मिनिटं लागतात, जितका भरलेला तितका जास्त वेळ. घाई असेल तर चमच्याने वजन किंचित तिरपं करून वाफ सोडता येते, पण फक्त बटाटे किंवा भाज्यांच्या वेळी. डाळीच्या वेळी वाफ सोडली की डाळच नळीतून वर येते, आणि चण्यांची सालं सुटून ते फुटतात. झाकण उघडण्यापूर्वी वजन हलवून पाहायचं, अजिबात आवाज आला नाही तरच मूठ फिरवायची. मूठ घट्ट वाटत असेल तर आत दाब आहे, जोर लावू नका. आतल्या झाकणाचा कुकर दाब असेपर्यंत उघडतच नाही, बाहेरच्या झाकणाच्या सगळ्याच कुकरांना अशी सोय नसते.

बिघाडांत सगळ्यात जास्त वेळा येणारा म्हणजे कडेने वाफ सुटणं आणि शिट्टी न होणं. आधी रबर काढून खाच पुसा, बहुधा तिथे शीत सापडतं. मग रबर उलटं बसवून पाहा. ते सैल पडलं असेल तर काही मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवल्यावर आकसतं आणि त्या दिवसाचं काम भागतं, पण नवं आणायची वेळ झाली आहे असं समजावं. वाकवल्यावर बारीक चिरा दिसल्या तर त्याच दिवशी बदला. रबर टिकवायचं असेल तर रोज काढून धुवा, सुकवा आणि झाकण कुकरवर उलटं ठेवा. झाकण लावून ठेवलेल्या कुकरात रबर दबून चपटं होतं आणि आत कुबट वास धरतो.

सेफ्टी वॉल्व्हमध्ये वितळणाऱ्या धातूची गोळी असते. पाणी संपून कुकर कोरडा तापला किंवा नळी तुंबली की ती वितळते आणि वाफ तिथून निघून जाते. ती उडाली म्हणजे तिने आपलं काम केलं. तिथे स्क्रू, कणीक असलं काही कोंबणं म्हणजे कुकरचा शेवटचा रस्ता बंद करणं. नवा वॉल्व्ह बसवा आणि आधी कारण शोधा.

स्टीलचा तोटा सांगायलाच हवा. तीन थरांचं बुड असूनही बाजू पातळ आहेत, त्यामुळे आच बुडाबाहेर आली की कडेला अन्न चिकटतं आणि मुठीचं प्लॅस्टिकही तापतं. ज्योत बुडाच्या आतच राहील इतपत ठेवावी. ॲल्युमिनियम लवकर आणि सारखं तापतं, पण आतून काळं पडतं (बुडातल्या पाण्यात लिंबाची साल टाकली की हे कमी होतं), आंबट पदार्थ त्यात ठेवता येत नाहीत आणि साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही. आंबट-बिंबट सगळं एकाच भांड्यात करणाऱ्यांनी स्टील घ्यावं, फक्त डबे लावणाऱ्यांना ॲल्युमिनियम पुरेसं आहे. तळाला लागलंच तर घासण्याआधी पाणी आणि खायचा सोडा घालून दहा मिनिटं उकळा. ही युक्ती स्टीललाच लागू आहे, सोड्याने ॲल्युमिनियम आणखी काळं होतं.

या काळात मुठीचा स्क्रू वारंवार ढिला झाला. दर महिन्याला आवळावा लागतो, आणि ढिल्या मुठीने भरलेला गरम कुकर उचलणं धोक्याचं आहे. सुटं रबर घ्यायला जाताना फक्त '५ लिटरचं द्या' म्हणू नका. एकाच कंपनीच्या ५ लिटरच्या दोन कुकरांच्या तोंडाचा व्यास वेगळा असू शकतो. जुनं रबर सोबत न्या, किंवा बुडावर कोरलेलं मॉडेलचं नाव लिहून न्या.