डेम्युक्स: जुन्या लाईव्ह कॅसेट्सवर वर्षभर वापरल्यानंतर

आधी निकाल, मग तपशील. घरात एखाद्या बँडच्या जुन्या लाईव्ह कॅसेट्स पडून असतील आणि त्या ऐकण्याजोग्या करायच्या असतील, तर डेम्युक्स हे गाण्यातला आवाज आणि वाद्यं सुटी करणारं सॉफ्टवेअर घ्याच. फुकट आहे, आणि नुसतं फुकटच्या मानाने नव्हे, एरवीही चांगलं आहे. फक्त बहुतेक लोक ज्यासाठी ते उतरवून घेतात, म्हणजे सगळी वाद्यं सुटी करून नव्याने स्टुडिओसारखं मिक्स करायला, त्यासाठी मी ते आता वापरत नाही.

माझ्याकडचा माल सांगतो, म्हणजे कशावरून बोलतोय ते कळेल. कोल्हापूर हे ऑर्केस्ट्राचं गाव. तिथे नव्वदच्या दशकात आमच्या मित्रांनी रॉक बँड काढला होता. दोन गिटार, बेस, ड्रम्स आणि कुणाच्या तरी मामाचा कॅसिओ. त्यांच्या कार्यक्रमांच्या नव्वद मिनिटांच्या कॅसेट्स माझ्याकडे राहिल्या. काही साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट भरलेल्या, काही बाल्कनीत टू-इन-वन (रेडिओ-कॅसेट प्लेअर) मांडीवर घेऊन भरलेल्या. मिक्सरवाल्या कॅसेटमध्ये गायक कानात येऊन ओरडतो आणि गिटार पंचगंगेच्या पलीकडून वाजल्यासारखी. छोट्या हॉलमध्ये गिटारचा अँप्लिफायर आणि ड्रम्स स्टेजवरूनच पुरेसे ऐकू येतात, त्यामुळे साऊंडवाला त्यांना मिक्सरवर उचलतच नाही, आणि कॅसेटला मिळतं ते मिक्सरमध्ये असेल तेवढंच. बाल्कनीतल्या कॅसेटमध्ये उलट. सगळं आहे, पण शब्द कळत नाहीत आणि शेजारच्याची शिट्टी सगळ्यात मोठी.

डेम्युक्स मेटाच्या संशोधकांनी केलेलं. गाणं दिलं की ते ड्रम्स, बेस, आवाज आणि ‘बाकीचं’ अशा चार फाईली करून देतं. मी वापरतो ती २०२२ मध्ये आलेली चौथी आवृत्ती. खिडक्या-बटणं नाहीत, पायथन टाकून काळ्या पडद्यावर आज्ञा टाईप करायची. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या लॅपटॉपवर गाण्याच्या लांबीच्या साधारण दीडपट वेळ लागतो. ‘एफटी’ म्हणून जे जास्त घोटलेलं मॉडेल आहे, त्याला त्याच्या चौपट. रात्री लावून झोपायचं. मेटाने आता या प्रकल्पात नवी भर घालणं थांबवलंय, पण आहे ते चालतं.

निम्मं काम मात्र डेम्युक्स उघडण्याच्या आधीचं आहे आणि त्याबद्दल कोणी फारसं लिहीत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात कॅसेटवर बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके दिसले तर ती कॅसेट तशीच डेकमध्ये घालू नका, बुरशी हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) बसून पुढच्या कॅसेटला लागते. आधी सिलिका जेलबरोबर बंद डब्यात सुकवायची, मग बुरशी पुसून काढायची, आणि प्रत्येक बाजू वाजवून झाली की हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. आतली स्पंजची गादी निखळली असेल तर टेप दुसऱ्या स्क्रूवाल्या कवचात हलवायची. माझ्या डेकचे बेल्ट शाहूपुरीतल्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांनी बदलून दिले. बेल्टपेक्षा महत्त्वाची गोष्ट त्यांनीच दाखवली, ती म्हणजे हेडशेजारचा छोटा स्क्रू. कॅसेट ज्या डेकवर भरली त्याचा हेड आणि आपला हेड यांच्या कोनात केसभर फरक असतो, आणि तेवढ्यानेही झांजांची चमक जाते. डावा-उजवा आवाज एकत्र करून, म्हणजे मोनोत ऐकत तो स्क्रू हळूहळू फिरवायचा. वरचे स्वर जिथे सगळ्यात स्वच्छ येतात तिथे थांबायचं. प्रत्येक कॅसेटला वेगळं. इथे गेलेली चमक नंतर कुठलंही सॉफ्टवेअर खरीखुरी परत आणत नाही, फार तर तिची नक्कल करतं.

दुसरी भानगड वेगाची. टू-इन-वनचे सेल उतरत गेले की टेप भरताना हळू फिरते, आणि आज बरोबर वेगात वाजवली की गाणं चढ्या सुरात पळतं. एका बाजूच्या शेवटी शेवटी आमचा गायक पाऊण श्रुती वगैरे नाही, जवळजवळ अर्धा स्वर वर गेलेला. म्हणजे वेग सहा टक्क्यांच्या आसपास जास्त. दुरुस्तीसाठी एक खूण लागते. लोक म्हणतात की टेपवर आलेली विजेची घरघर ५० हर्ट्झची असते, ती मोजा. पण त्या काळी आपली वीज ५० वर ठाम कुठे असायची? ४८ ते ५२ मध्ये कुठेही. अंदाजापुरतं ठीक. मग ध्यानात आलं की मामाचा कॅसिओ आहे ना! गिटारवाला काहीही लावेल, पण इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचा सूर कारखान्यातूनच पक्का येतो. कीबोर्ड ऐकू येणाऱ्या जागा शोधल्या, तिथला सूर मोजला आणि दोन जागांच्या मधला वेग थोडा थोडा बदलत नेला. परदेशात ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडच्या टेप्सना प्लॅन्जंट नावाची पद्धत लावतात. टेप भरताना आवाजात बायस नावाची एक अतिउच्च लहर मिसळलेली असते, तिचा टेपवर राहिलेला माग घेऊन ही पद्धत वेगातली थरथर काढते. आपल्या डेकला ती लहर वाचताच येत नाही, तेव्हा कॅसिओ जिंदाबाद.

आता खुद्द डेम्युक्स. स्टुडिओतल्या गाण्यावर ते थक्क करतं. लाईव्ह कॅसेटवर मात्र गोंधळ होणारच, कारण ते शिकलं ते मुख्यतः स्टुडिओत बनलेल्या गाण्यांवर: संशोधनात वापरला जाणारा १५० गाण्यांचा एक संच आहे त्यातली, आणि त्याशिवाय आणखी ८०० गाणी. प्रेक्षक नावाचा पाचवा खण त्याच्याकडे नाहीच. त्यामुळे टाळ्या ड्रम्समध्ये जातात, शिट्ट्या कधी आवाजात, कधी ‘बाकीच्या’त. गायकाच्या माईकमध्ये शिरलेले ड्रम्स कुठे टाकायचे हे त्याला दर ओळीला नव्याने ठरवावं लागतं, आणि सुटा आवाज ऐकला तर शब्दांच्या शेवटाला पाण्यातून बोलल्यासारखी बुडबुड लागते. चारही फाईली मनाप्रमाणे वरखाली करून मी पहिलं गाणं तयार केलं आणि ड्रमरला पाठवलं. तो आता शिरोलीला फाऊंड्री चालवतो, मशीनच्या आवाजात आयुष्य गेलंय, तरी त्याचा लगेच फोन: "आरं भावा, माझी हाय-हॅट कुणी पळवली?" (हाय-हॅट म्हणजे ड्रम्समधली जोडझांज.)

तेव्हापासून पद्धत बदलली. मूळ रेकॉर्डिंग हाच पाया, ते पूर्ण आवाजात तसंच ठेवायचं. गायक दबलेला असेल तर डेम्युक्सने काढलेला आवाज त्याच्याखाली साधारण -८ डीबीवर (डेसिबलवर) मिसळायचा. म्हणजे आवाजात चाळीस टक्क्यांची भर, म्हणजे जवळपास ३ डीबीची वाढ. कागदावर कमी वाटतं, पण शब्द कळायला लागतात, आणि बुडबुड मूळ टेपखाली झाकली जाते. काही कमी करायचं असेल तर त्याची सुटी फाईल फेज उलटी करून, म्हणजे लहर उलटी करून, थोडी मिसळायची, मग ती मूळातून तेवढी वजा होते. ४-५ डीबीच्या वर गेलात की पुन्हा आवाज प्लास्टिकसारखा. हे सगळं मी रीपर या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो. साठ दिवस वापरून पाहता येतं, घरगुती परवाना ६० डॉलरचा. गिटार आणि पियानो वेगळे काढणारं सहा भागांचं मॉडेलही आहे. गिटार बऱ्यापैकी निघते, पियानो निघत नाही, आणि हे करणाऱ्यांनीच लिहून ठेवलंय.

सगळ्यात चांगला निकाल आला तो एकाच कार्यक्रमाच्या दोन कॅसेट्स मिळाल्या तेव्हा, एक मिक्सरची आणि एक बाल्कनीची. दोन्ही एकमेकांवर बसवायच्या. बाल्कनी वीसेक मीटर लांब असेल तर तिथे आवाज ५८ मिलिसेकंद उशिरा पोचतो. तसंच ठेवलं तर प्रत्येक ठोक्याला प्रतिध्वनी. पूर्ण जुळवलं तर आवाज पोकळ होतो. मी बाल्कनी दहा-पंधरा मिलिसेकंद मागे ठेवतो. दोन्ही टेप्सचा वेग वेगळा असल्याने दर थोड्या वेळाने स्नेअर ड्रमचा ठोका पाहून पुन्हा जुळवावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण गिटार इथूनच परत आली, डेम्युक्समधून नाही.

हॉलचा घुमारा काढून टाकणारी वेगळी सॉफ्टवेअरं मिळतात. वापरून पाहिली, ठेवली नाहीत. माझ्याकडच्या सर्वात चांगल्या दोन रात्री केशवराव भोसले नाट्यगृहातल्या आहेत. १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेलं ते नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळलं. पुन्हा कितीही छान बांधलं, तरी त्या लाकडात ड्रम्स कसे घुमायचे ते आता या टेप्सवरच आहे, आणि ते मी स्वच्छतेच्या नावाखाली पुसून टाकू? लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोल या खुल्या थिएटरमधल्या बीटल्सच्या १९६४ आणि १९६५ च्या रेकॉर्डिंगवर लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत असंच काम झालं, ते २०१६ मध्ये बाहेर आलं. मुलींच्या किंकाळ्यांमधून बँड पुढे आणला, पण किंकाळ्या राहिल्या. तेच प्रमाण मला पटतं.

डेकवरचं डॉल्बीचं (टेपची सळसळ कमी करणारं) बटण, कॅसेट तसं करून भरलेली नसेल तर, बंदच ठेवा. विजेची घरघर काढायची ती वेग दुरुस्त केल्यानंतर, नाहीतर फिल्टर भलत्याच जागी बसतो. आणि पहिली उतरवलेली फाईल हात न लावता वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा. नव्वद मिनिटांची कॅसेट २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला साधारण ३ जीबी होते. डेम्युक्स स्वतः ४४.१ किलोहर्ट्झवरच काम करतं, पण प्रेक्षकांचा खण असलेलं मॉडेल उद्या आलं तर त्याला खाऊ घालायला ती पहिली फाईलच लागेल, माझं मिक्स नाही.