बॉस व्हीई-20: मागं बाई कुठं बसलीय, दिसंना की

आमचा पाच जणांचा ग्रुप आहे. गणपती, हळद, जत्रा, जो बोलावंल तिथं पेटी-ढोलकी-कीबोर्ड घेऊन जायचं, इकडं खानापूर तिकडं निपाणीपर्यंत. मागं सूर धरायला एक मुलगी होती, ती लग्न होऊन पुण्याला गेली, तिच्या जागी कोण मिळंना, जी मिळाली तिला रात्री अकरानंतर घरचे सोडंनात. म्हणून शेवटी मी हे बॉसचं व्हीई-20 पेडल सेकंडहँड घेतलो, 12 हजाराला. दीड वर्ष वापरलो, आता सांगतो.

काम साधं आहे. माईकची वायर यात, यातून मिक्सरला. तुम्ही एक सूर गायला की हा तुमच्याच आवाजापासून आणखी दोन आवाज बनवतो, वरचा गंधार म्हणा, पंचम म्हणा, खालचा सप्तक म्हणा, जसं लावाल तसं. हार्मोनायझर हा शब्द आपण असल्या सगळ्याच यंत्रांना लावतो, पण तो मूळचा अमेरिकेतल्या इव्हेंटाइड कंपनीच्या मशीनचा, एच910, साल 1975.

पहिल्याच हळदीत मुखड्याच्या शेवटच्या ओळीला पायानं दाबलो आणि समोरच्या एक मावशी मान उंच करून आमच्या मागं बघायला लागल्या, बाई कुठं बसलीय म्हणून. त्या दिवशी मी लई खूश.

पण याला स्केल, म्हणजे गाण्याची पट्टी, सांगावं लागतं आणि सगळी गंमत तिथंच आहे. आमचा गायक म्हणणार काळी दोन, पेडलला इंग्रजी अक्षरंच कळतात. म्हणून मी पेडलवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवलोय, काळी एक म्हणजे सी शार्प, काळी दोन डी शार्प, पांढरी चार एफ. एका जत्रेत गायकाचा घसा बसला होता, कीबोर्डवाल्यानं गुपचूप ट्रान्सपोज खाली करून काळी एकवर आणलं, मला काय कोण सांगितलं नाही, पेडल आपलं काळी दोनवरच. दाबलो आणि असला आवाज आला की पुढची पोरं हसायलाच लागली. साउंडवाले काका लांबूनच ओरडले, "सर, स्वल्प कम्मी माड्री!" म्हणजे जरा कमी करा. कमी काय माडतो, बंदच केलो. चूक आमचीच होती, पेडल सांगितलं तसंच वागलं. गिटार लावली की कॉर्ड ओळखून स्केल आपोआप धरणारी पेडलं असतात, बॉसचंच व्हीई-2 तसं आहे, टीसी हेलिकॉनचं हार्मनी सिंगर पण तसंच. याला गिटारचं इनपुटच नाही. पण आमच्यात गिटार कुठाय!

आता खरी अडचण, रागाची. कुमार गंधर्वांचं जन्मगाव, बेळगावजवळचं सुळेभावी, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, इथं नाट्यगीत अभंग ऐकणारे कान तिखट असतात, चालवून घेत नाहीत. यमनातलं गाणं आहे, तुम्ही रे गाता, त्याच्यापासून तिसऱ्या स्वरावर पाहिजे तीव्र मध्यम, पण पेडल मेजर, म्हणजे सगळे शुद्ध स्वर, धरून बसलेलं, ते शुद्ध मध्यम टाकून मोकळं. पहिल्या रांगेतला आजोबा लगेच कपाळाला आठ्या घालतो. यावर बरेच दिवस डोकं घालवलो, मग सापडलं. यमनला सा नाही, पंचम सांगायचा स्केल म्हणून. सा काळी एक असला तर पेडलवर काळी चार लावा, तीव्र मध्यम बरोबर येतो, कारण स्वर सगळे तेच आहेत, फक्त मोजायला सुरुवात दुसरीकडून. तसंच खमाजला मध्यम सांगा, काफीला कोमल निषाद, आसावरीला कोमल गंधार आणि शेवटच्या भैरवीला कोमल धैवत. एवढं लिहून ठेवलात तर निम्मं काम झालं. भैरव, तोडी याच्या आवाक्यातच नाहीत, तिथं पाय लावू नका. भूपात पण जपून, कारण रेच्या वर तो मध्यम आणतो, पच्या वर निषाद, आणि भूपात हे दोन्ही नसतातच की.

शिवाय मींड. गायक रे वरून ग वर सावकाश सरकला की मागचा आवाज सरकत नाही, पायरी चढल्यासारखा टुणकन उडतो. सरळ चालीच्या सिनेमातल्या गाण्यांना हे कळत नाही, भावगीतात पटकन कळतं.

भजनी मंडळाला पण एकदा नेलो होतो. तिथं बसून गायचं असतंय आणि हे पायानं दाबायचं यंत्र! मांडी घातलेला माणूस पेडल कशानं दाबणार, एक हात पेटीच्या भात्यावर, एक पट्ट्यांवर. शेवटी शेजारच्या टाळकऱ्याकडं दिलो, त्यानं टाळ खाली ठेवून हातानं दाबायचं. पण भजनात सगळे एकाच सुरात गातात, तिथं वरचा गंधार ऐकायला परकाच वाटतो, म्हणून युनिसन लावलो, म्हणजे तोच सूर दुहेरी, जाडसर. ते मात्र झकास जमलं. चार माणसांचं मंडळ आठ जणांचं वाटलं.

माईकमध्ये ढोलकी शिरली की मात्र आवाज गुळण्या केल्यासारखा होतो. त्याला सूर कुठला आणि थाप कुठली ते कळंना होतं. म्हणून ढोलकीवाल्याला गायकाच्या पाठीमागं न बसवता बाजूला लांब बसवा, माईक तोंडाजवळ, मॉनिटर म्हणजे गायकाकडं तोंड केलेला स्पीकर कमी. हार्मनीचे, म्हणजे जोडीचे, दोन्ही आवाज नका लावू, एकच, ती पण अशी की आहे का नाही असा संशय येईल एवढी. आणि सबंध गाण्यात दाबून ठेवणारे पण बघितलोय मी, कान किटतात.

करंटचं म्हणाल तर जत्रेत जनरेटरवर घूं घूं येतं, म्हणून मी पेन्सिल सेलवर चालवतो, सहा लागतात, जादा सेल जवळ ठेवायचे. घरी रियाजाला अॅडॅप्टर. तो 9 व्होल्टचा आणि मधली पिन निगेटिव्ह असलेलाच लागतो, कीबोर्डचा बसतोय म्हणून लावू नका.