आयएलसीए ७ चे दोर, पुल्या आणि क्लीट: मुंबईच्या खाऱ्या पाण्यात एक हंगाम वापरल्यानंतर

आयएलसीए ७ म्हणजे २०१९ पर्यंत सगळे जिला लेझर म्हणायचे ती एका माणसाने चालवायची शिडाची बोट. लांबी ४.२३ मीटर, हलचं (बोटीच्या मुख्य सांगाड्याचं) वजन ५९ किलोच्या आसपास, ७.०६ चौरस मीटरचं एकच शीड आणि दोन तुकड्यांची डोलकाठी. डोलकाठीला बाजूने ताणणारी एकही तार नाही. त्यामुळे शिडाचा आकार मेनशीट (शीड आत-बाहेर करणारा), व्हँग (बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, खाली खेचणारा), कनिंगहॅम (शिडाची पुढची कड खाली ताणणारा), आउटहॉल (शिडाची खालची कड मागे ताणणारा) आणि मागचा ट्रॅव्हलर (ज्यावर मेनशीटची पुली सरकते तो आडवा दोर) या पाच दोरांवरच अवलंबून असतो. ऑक्टोबर ते मे हा हंगाम खारं पाणी, गाळ आणि ऊन यांत काढल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: दोर आणि क्लीट (ओढलेला दोर अडकवून धरणारी दातेरी पकड) वेगवेगळे निवडू नयेत, जोडी म्हणूनच घ्यावेत. "क्लीट पकडत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा दोराची निघते, आणि "दोर लवकर झिजला" ही क्लीटची.

सर्वात जास्त फरक पडतो तो व्हँगला. आता प्रचलित असलेल्या व्हँगमध्ये १५ पट ताकद मिळते, कारण एका पुलीने दुसरी आणि दुसरीने तिसरी ओढली जाते. या साखळीत दोन प्रकारचे दोर लागतात. आतले दोर फक्त ताण घेतात, क्लीटमध्ये कधीच जात नाहीत. तिथे आवरण नसलेला, १२ पदरी विणीचा ५ मिमी डायनीमा (अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याचा दोर) उत्तम. तो ताणला जात नाही, पाणी पीत नाही आणि छोट्या पुलीवरून सहज वळतो. हाताने ओढायचा शेवटचा दोर मात्र पॉलिएस्टरचं आवरण आणि डायनीमाचा गाभा असलाच हवा. उघडा डायनीमा इतका गुळगुळीत असतो की क्लीटच्या दातांत तो थोडा-थोडा सरकत राहतो. प्रत्येक झुळुकीला व्हँग अर्धा सेंटिमीटर सुटतो, बूम वर उचलतो, शिडाची मागची कड उघडते आणि नेमका हवा असतो तेव्हा जोर जातो. वर हा सरकता दोर नायलॉनच्या क्लीटचे दातही खातो. दोन महिन्यांतच खाचेचा तळ गोल झालेला दिसतो, आणि मग चांगला दोर लावला तरी तो क्लीट पकडत नाही.

डायनीमाला गाठ मारणं टाळा. साधी बोलाइन (फासाची नेहमीची गाठ) त्यात हळूहळू घसरते, आणि घसरली नाही तरी गाठीपाशी दोराची ताकद खूप घटते. स्प्लाइस करा. दोराचं टोक त्याच्याच पोकळ विणीत व्यासाच्या ६० ते ७२ पट लांब घालायचं, म्हणजे ५ मिमी दोराला ३० ते ३६ सेंटिमीटर. आत घालण्यापूर्वी टोकाचे काही पदर टप्प्याटप्प्याने कापून ते निमुळतं करा, नाहीतर जिथे टोक संपतं तिथे दोर एकदम बारीक होतो आणि ताण त्याच जागी एकवटतो. शेवटी चार-सहा टाके घाला. दोर ढिला असताना फडफडून स्प्लाइस बाहेर सरकते, ताणाखाली नाही. बोट ट्रॉलीवर उभी असताना वाऱ्याने हेच होतं.

आवरणवाल्या दोराचं टोक गरम सुरीने कापलं की एक गोष्ट हमखास होते. डायनीमा साधारण १५० अंशाच्या आतच वितळतो, पॉलिएस्टरला त्याहून शंभरेक अंश जास्त लागतात. त्यामुळे गाभा आधीच आत सरकून आकसतो आणि बाहेरचं आवरण रिकाम्या नळीसारखं राहतं. अशा टोकाला दोऱ्याने आठ-दहा वेढे घट्ट गुंडाळून त्यावर टाके घाला.

व्हँगची आणखी एक सवय लक्षात ठेवा. तो पूर्ण ढिला सोडला की बूममध्ये अडकवलेली व्हँगची चावी (धातूचा आकडा) निसटते. तिच्याभोवती ३ मिमी इलॅस्टिक कॉर्डचा फास लावला की प्रश्न मिटतो.

ट्रॅव्हलरला ६ मिमीचा, आवरण असलेला, न ताणणारा दोर घ्या. साडेतीन मीटर घेऊन बांधल्यावर जास्तीचा कापा. इथे काटकसर करून मासेमारीचा प्लॅस्टिकचा दोर लावलेल्या बोटी दिसतात. तो तरंगतो आणि स्वस्त असतो, पण ताणाखाली लांबतो आणि उन्हात त्याचे केस निघतात. ट्रॅव्हलर लांबला की मागच्या दोन पुल्या वर उचलल्या जाऊन मध्याकडे येतात. बूम आत येतो पण खाली येत नाही, आणि शीड सपाट करायला मेनशीट वाजवीपेक्षा जास्त ओढावी लागते. ट्रॅव्हलर इतका घट्ट हवा की टिलर (सुकाणूचा दांडा) त्याखालून जेमतेम सरकेल. घट्ट ट्रॅव्हलर टिलरला घासतो, म्हणून टिलरच्या वरच्या बाजूला टेफ्लॉनची पट्टी चिकटवा. ती पट्टी हंगामात एकदा बदलावी लागते.

मेनशीटसाठी ७ मिमी, पॉलिएस्टरचं मऊ आवरण आणि पॉलीप्रॉपिलीनचा हलका गाभा, लांबी १३ ते १४ मीटर. सकाळच्या हलक्या मतलई वाऱ्यात ६ मिमी छान पळते, पण दुपारी वायव्येकडून १२-१५ नॉटचा खारा वारा भरला की ती बोटांना कापते. एकच घ्यायची तर ७ ची घ्या. सगळं पॉलिएस्टर असलेली शीट पाणी पिऊन जड होते आणि डाऊनविंडला (वारा मागून असताना) बूम बाहेर जायला आळस करतो. जाइब करताना (मागून वारा घेत शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला नेताना) ढिली शीट मागच्या कोपऱ्यात अडकणं हा या बोटीचा जुना दोष आहे, कुठलाही दोर तो पूर्ण घालवत नाही. बूम मध्यावर येताच शीटला वरच्या दिशेने एक झटका द्यायचा, तोच उपाय.

कॉकपिटमधली मेनशीटची रॅचेट पुली (एकाच दिशेने सहज फिरणारी, उलटी फिरू न देणारी) ५७ मिमीची. लावताना दोर ओढल्यावर कट-कट आवाज येतो का ते बघा. उलट्या दिशेने ओवली तर पुली पकडतच नाही आणि सगळा भार हातावर येतो. बॉल बेअरिंगच्या पुल्यांना तेल किंवा ग्रीस अजिबात लावू नका, मीठ आणि वाळू त्यालाच चिकटतात. गोडं पाणी सोडत चाक फिरवलं की पुरतं.

कनिंगहॅम आणि आउटहॉल दोन्हींना ५ मिमी आवरणवाला दोर. डेकवरचे जबड्याचे क्लीट त्यांना छान पकडतात. क्लीटच्या स्प्रिंगमध्ये मीठ साठून एक जबडा अर्धा उघडा राहू लागला, तर तो बदलायची घाई नको. कोमट पाण्यात तासभर बुडवून ठेवा, बहुतेक वेळा सुटतो.

शॅकल (जोडणीच्या धातूच्या कड्या) आणि स्क्रू हार्डवेअरच्या दुकानातून आणले तर ते सहसा ३०४ स्टीलचे असतात. खाऱ्या पाण्यात त्यांवर काही आठवड्यांत तपकिरी डाग येतात. ३१६ मागा, त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, मीठ त्याला लवकर खात नाही. दुकानदार चुंबक लावून "बघा, चिकटत नाही, मरीन ग्रेड आहे" म्हणाला तर त्याला अर्थ नाही, कारण ३०४ ला पण चुंबक चिकटत नाही. स्टीलचा रिव्हेट ॲल्युमिनियमच्या डोलकाठीत थेट ठोकला की सांध्याभोवती पांढरी भुकटी जमते. ते ॲल्युमिनियम गंजत असतं. रिव्हेट बसवण्याआधी त्यावर क्रोमेट पेस्ट किंवा टेफ-जेल लावा. तुमचा वरचा तुकडा ॲल्युमिनियमचा असेल तर कॉलरच्या (दोन तुकड्यांच्या सांध्यावरच्या कड्याच्या) रिव्हेटचं भोक मागच्या बाजूला राहील असा तो बसवा. डोलकाठी वाकते तेव्हा पुढची बाजू ताणली जाते, आणि तिथे भोक असेल तर तडा तिथूनच सुरू होतो.

डोलकाठीच्या खाचेकडे (डेकमधल्या ज्या भोकात ती उभी राहते त्याकडे) मुंबईत जास्त लक्ष द्यावं लागतं. ओहोटीला बोट उतरवली की डोलकाठीच्या बुडाला गाळ लागतो, आणि तो बारीक वाळूसकट आत जाऊन फायबरग्लास घासतो. बूड प्रत्येक वेळी धुवा, तळाशी टेफ्लॉनची चकती ठेवा. महिन्यातून एकदा खाच पाण्याने काठोकाठ भरून थांबा. पातळी उतरली तर पाणी हलमध्ये जात आहे. तशी बोट समुद्रात नेऊ नका, पुढच्या जोराच्या वाऱ्यात खाच फाटू शकते. डोलकाठी डेकशी बांधणारा दोरही विसरू नका. बोट पूर्ण उलटली की डोलकाठी खाचेतून खाली निसटते, ती या दोरावरच राहते.

रडर (सुकाणू) खाली ओढणारा दोर ४ मिमीचा, न ताणणारा. नायलॉन लावला तर तो लांबतो, रडरचं पातं मागे तरंगतं, टिलर हाताला जड लागतो आणि माणूस उगाच शिडाला दोष देत बसतो.

हायकिंग स्ट्रॅपच्या (बोटीबाहेर झुकताना पाय अडकवायच्या पट्ट्याच्या) समायोजनाला आणि बोट बांधायच्या दोराला इथलाच ६ मिमी विणीचा पॉलिएस्टर चालतो, आयात केलेला घेण्यात पैसे घालवू नका. इलॅस्टिक कॉर्ड मात्र कितीही चांगली घेतली तरी मुंबईच्या उन्हात हंगामभरच टिकते. आतले रबराचे धागे तुटले की ती ताणून सोडल्यावर मूळ लांबीवर येत नाही.

जूनमध्ये बोट वर घेताना सगळे दोर काढून कोमट गोड्या पाण्यात सौम्य साबण घालून रात्रभर भिजवा, धुऊन सावलीत वाळवा, प्रत्येकावर नाव आणि लांबी लिहिलेली चिकटपट्टी लावा. हलचा बूच उघडा ठेवा. या संचातले व्हँगचे आतले दोर आणि ट्रॅव्हलर दुसऱ्या हंगामालाही तसेच वापरता येतील. व्हँगचा हाताचा दोर उलटा फिरवून लावला की क्लीटखाली न झिजलेला भाग येतो. इलॅस्टिक, क्ल्यूची (शिडाच्या मागच्या खालच्या कोपऱ्याची) वेल्क्रो पट्टी आणि टिलर एक्स्टेन्शनचा रबरी सांधा हे तिन्ही ऑक्टोबरच्या आत नवे घेऊन ठेवा.