अ‍ॅपमध्ये हिरवा टिपका, पेटीत कापलेल्या तारा

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही कणकवलीला होतो. दुपारची जेवणं उरकत होती, तेवढ्यात नेरूळहून शेजारच्या वहिनींचा फोन आला. "अहो, तुमचा भोंगा वाजतोय. मघाशी बंद झाला होता, आता परत सुरू." मी लगेच मोबाईलवर घरच्या चोर-अलार्मचं अ‍ॅप उघडलं. हिरवा टिपका, 'ऑनलाइन', खाली 'कोणतीही घटना नाही'. मी त्यांना ठामपणे सांगितलं, "आमचा नसेल हो, पलीकडच्या गल्लीतला असेल." कानांनी ऐकणाऱ्या बाईपेक्षा मला मोबाईलवरचा टिपका खरा वाटला!

बाईंनी ऐकलं नाही, हे आमचं नशीब. त्यांच्या यजमानांनी किल्ली घेऊन दार उघडलं. स्वयंपाकघरातल्या खिडकीची कडी निघाली होती आणि वाऱ्याने झडप आपटत होती. चोर नव्हता. पण असता, तरी माझ्या मोबाईलवर 'कोणतीही घटना नाही' हेच दिसलं असतं.

आमचं सिडकोचं रो-हाऊस. २००९ साली गल्लीत दोन घरफोड्या झाल्या, तेव्हा अलार्म बसवला होता. जिन्याखाली पत्र्याची पेटी, आत बोर्ड आणि बॅटरी, दारा-खिडक्यांना मॅग्नेट, हॉलमध्ये एक सेन्सर, दाराशी कीपॅड. काही झालं की पेटी लँडलाइनवरून आम्हा दोघांच्या मोबाईलना फोन लावायची आणि नुसतं टूं-टूं वाजवायची. लँडलाइन आम्ही बंद केली, तेव्हा पेटीचं बोलणंही बंद पडलं हे आमच्या लक्षातच आलं नाही. कीपॅडवर पिवळा दिवा लागून राहिला, एवढंच. त्यावर ह्यांनी दोन वर्षं देवीचं कॅलेंडर लटकवून ठेवलं होतं.

मुलगा पुण्याहून म्हणाला, "आई, ह्या पेटीला नेटवर्कचं मॉड्यूल जोडता येतं. मग सगळं मोबाईलवर येईल." ते खरंच आहे. मी पॅनेलच्या, म्हणजे त्या पेटीच्या, कंपनीचं नाव आणि 'सर्व्हिस सेंटर नवी मुंबई' असं टाकून शोधलं, आणि सगळ्यात वर जो नंबर आला तो फिरवला. पलीकडचा म्हणाला, "हो काकू, कंपनीतूनच बोलतोय." मी त्यावर काहीच विचारलं नाही. तो कंपनीचा कुणीही नव्हता.

तरुण मुलगा, बोलायला गोड. पेटी उघडून पाच मिनिटांत हिशेब सांगितला. मॉड्यूल १२,५००, प्रोग्रॅमिंग ३,०००, बॅटरी १,८००. एकूण १७,३००. त्यातले १०,००० आगाऊ, यूपीआयने. बिल मागितलं तर म्हणाला, "बिलावर १८ टक्के लागतील काकू, उगाच तीन हजार वाढतील." तीन हजार वाचले म्हणून मी त्याला चहासोबत चकल्याही दिल्या.

तासाभरात काम झालं. कीपॅडवरचा पिवळा दिवा विझला. दोन वर्षं न विझलेला दिवा! मग त्याने माझ्या मोबाईलमध्ये अ‍ॅप घातलं आणि 'टेस्ट'चं बटण दाबलं. टिंग करून मेसेज आला. आम्ही दोघं खूश. उरलेले ७,३०० लगेच दिले.

गावाहून आल्यावर वहिनींच्या ओळखीचे वाशीचे एक वयस्कर मेकॅनिक बोलावले. त्यांनी झाकण काढलं, टॉर्च लावून पेटीत पाहिलं आणि हसले. "काकू, ह्याने मॉड्यूलला जेवायला दिलंय, तोंड दिलेलं नाही." मग मला बोटाने दाखवलं. बोर्डापासून कीपॅडकडे चार तारा जातात. लाल-काळी वीज देते, पिवळी-हिरवी बोलायची. मॉड्यूललाही ह्या चारही लागतात. आमच्या मॉड्यूलला फक्त लाल-काळी जोडलेली होती. पिवळी-हिरवी कापून, टेप गुंडाळून बोर्डाखाली सारल्या होत्या. म्हणजे मॉड्यूलला वीज होती, घरच्या वायफायशी त्याची गाठ होती, म्हणून अ‍ॅपमध्ये 'ऑनलाइन'. पण पेटीत काय चाललंय याचा त्याला पत्ताच नव्हता.

तारा कापल्या का, तर मॉड्यूल दुसऱ्याच कंपनीचं होतं. असं परकं यंत्र बोलायच्या तारांवर आणलं की कीपॅड गडबडू शकतो, हे त्याने बहुधा बसवतानाच पाहिलं असणार. मॉड्यूल शक्यतो त्याच कंपनीचं हवं, शिवाय पॅनेलच्या नेमक्या मॉडेलला आणि बोर्डावरच्या व्हर्जनला चालणारं हवं. हे सगळं बोर्डावरच्या छोट्या स्टिकरवर असतं. मी त्या पेटीचं झाकण पंधरा वर्षांत एकदाही उघडून पाहिलं नव्हतं.

आणि पिवळा दिवा? तो लँडलाइन मेली आहे म्हणून लागला होता. ह्या पठ्ठ्याने प्रोग्रॅमिंगमध्ये जाऊन 'फोनलाइनवर लक्ष ठेव' हेच बंद करून टाकलं. ताप उतरवायच्या ऐवजी थर्मामीटर फोडला. मॉड्यूल नीट जोडून पॅनेलवर नोंदवलेलं असेल, तर त्याची तार सुटली तरी तो दिवा पुन्हा लागतो, हेही मला त्या दिवशी कळलं. आणि टेस्टचा मेसेज थेट अ‍ॅपच्या सर्व्हरवरून आला होता, पेटीला त्यात हातही लावावा लागला नव्हता. त्या वेळी मी "थांब, मागचं दार उघडून बघते" एवढं म्हटलं असतं, तर १७,३०० वाचले असते. बॅटरीही आमचीच जुनी, वर नवीन स्टिकर.

सगळ्यात थंडगार करणारी गोष्ट पुढे होती. अ‍ॅपचं मुख्य खातं त्याच्या स्वतःच्या ईमेलवर होतं, मी आपली 'सब-युजर'. शिवाय पेटीचं प्रोग्रॅमिंग उघडणारा इन्स्टॉलर कोड त्याने बदललेला. मॉड्यूल खरं असतं आणि नीट जोडलेलं असतं, तर तो माणूस कुठेही बसून आमचा अलार्म बंद करू शकला असता. त्याच्या लबाडीनेच आम्हाला वाचवलं म्हणायचं. वायफायचा पासवर्ड आम्ही त्याच रात्री बदलला.

फोन केला तर म्हणाला, "कोड माझ्याकडेच आहे. व्हिजिटचे २,५०० लागतील." त्यानंतर माझा नंबर ब्लॉक.

वाशीच्या काकांनी वीज आणि बॅटरी काढून, बोर्डावरच्या दोन टर्मिनलांना तारेने जोडून पॅनेल मूळ सेटिंगवर आणलं. त्या मुलाने प्रोग्रॅमिंगमध्येच कुलूप घातलेलं असतं तर तेही जमलं नसतं, नवा बोर्डच घ्यावा लागला असता. मग प्रत्येक दार-खिडकी नव्याने शिकवायची. चार तास लागले, १,५०० घेतले. कंपनीच्या डीलरकडून आणलेलं योग्य मॉड्यूल त्यांनी केबलने राउटरला जोडलं, राउटरला छोटा यूपीएस लावला, कारण वीज गेली की पेटी बॅटरीवर जागी राहते पण राउटर मान टाकतो. खातं माझ्या ईमेलवर केलं, कोड कागदावर लिहून माझ्या हातात दिला. आणि मग मलाच म्हणाले, "आता खिडकी उघडा." अकरा सेकंदांत मोबाईल वाजला.

१९१५ वर, ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, हेही कळलं. पण समोरच्याचा पत्ता कुठला लिहायचा? बिल नाही, दुकान नाही. माझ्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवरचा हिशेब, यूपीआयची नोंद आणि टेप गुंडाळलेल्या तारांचे फोटो आहेत. वाशीच्या काकांनी तारा जोडण्याआधी मला फोटो काढायला लावले, नाहीतर तेही हातचं गेलं असतं.

परवा सहज पुन्हा तेच शब्द टाकून शोधलं. सगळ्यात वर दुसऱ्याच नावाचं सर्व्हिस सेंटर आलं. मोबाईल नंबर मात्र तोच, माझ्या फोनमध्ये 'अलार्मवाला' म्हणून सेव्ह केलेला.