जुनी गाडी घेताना: हातातलं आरसी की ऑनलाइन नोंद?

विक्रेता आधी आरसीचं, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राचं, स्मार्टकार्ड पुढे करतो. त्यावर चासी नंबर पूर्ण असतो. गाडीवर कोरलेला नंबर फडक्याने पुसून एकेक आकडा जुळवता येतो. ऑनलाइन हे जमत नाही, तिथे हा नंबर अर्धवट झाकलेला असतो आणि मालकाचं नावही.

पण कार्ड छापलं त्या दिवसापुरतंच बोलतं. विमा, पीयूसी चालू आहे का, कर्जाचा बोजा आजही आहे का, हे सरकारच्या एमपरिवहन ॲपवर कळतं. माझा भरवसा तिथेच जास्त. बोजा दिसला तर ‘कर्ज कधीच फिटलंय’ यावर विसंबू नका. बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) आरटीओत देऊन तो उतरेपर्यंत पैसे हातचे सोडू नका.

अपघाताचा इतिहास दोन्हीकडे नाही. त्यासाठी ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या.