हिरवा चुडा: तुळशीबागेतील एका कासाराच्या दुकानाचा अनुभव

धाकट्या बहिणीच्या लग्नाचा चुडा भरण्यासाठी आम्ही पुण्यात तुळशीबागेतील एका जुन्या कासाराच्या दुकानात गेलो होतो. नवरीच्या हातातला हिरवा रंग सौभाग्याचा आणि नव्या पालवीचा मानला जातो, आणि पुढे डोहाळजेवणातही साडीपासून बांगड्यांपर्यंत त्याचाच मान असतो. पण हिरवा म्हणजे नेमका कोणता, हा प्रश्न पोपटी, शेवाळी आणि बाटली रंगाच्या बांगड्या समोर मांडल्यावरच पडतो.

दुकानातील एलईडी दिव्याखाली एक चुडा बहिणीच्या शालूशी अगदी जुळला. कासारकाकांनी मात्र तो बांधून न देता शालूचा पदर आणि एक बांगडी घेऊन आम्हाला बाहेर उन्हात नेले, आणि तिथे तीच बांगडी चक्क पिवळसर दिसू लागली. कापडाचा आणि काचेचा रंग वेगवेगळ्या द्रव्यांनी आलेला असतो, त्यामुळे एका उजेडात एकसारखे दिसणारे दोन हिरवे दुसऱ्या उजेडात वेगळे पडतात. काचेतले क्रोमियम तांबडा आणि निळा-जांभळा प्रकाश शोषून हिरवा तेवढा पार जाऊ देते. लोहाने येणारी हिरवी छटा मळकट, जुन्या बाटल्यांसारखी असते. काकांनी यातले काहीच सांगितले नाही, पण त्यांची उन्हात नेण्याची सवय हेच सारे जाणून आहे.

माल फिरोजाबादचा होता. बहिणीचे माप ‘दोन सहा’ निघाले, म्हणजे दोन इंच आणि वर एका इंचाच्या सोळा भागांपैकी सहा भाग. याला दशांश समजून ऑनलाइन मागवणाऱ्यांची फसगत ठरलेली. काकांनी अंगठा तळव्याकडे दाबून, हाताची हाडे जवळ आणत एकेक बांगडी चढवली आणि एका हातात एक जास्त भरली. भरताना एक वाढली, म्हणजे फुटली, तिचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

तक्रार एकच. मी स्वतःसाठी घेतलेल्या सोनेरी टिकल्यांच्या बांगड्यांचा मुलामा भांडी घासता घासता आठवड्यात उतरला, आणि विचारल्यावर ‘सोनेरी कामाची खात्री नसते’ असे उत्तर मिळाले, जे विकतानाच द्यायला हवे होते. साध्या काचेच्या बांगड्या घ्याव्यात, आणि जायचे तर दुपारी, ऊन असताना. दिवे लागल्यावर गेल्यास या दुकानाची खरी खुबी वापरताच येत नाही.