घडीतलं नाशिक

सातपूरला दुसरी पाळी करून घरी पोचायला साडेअकरा होतात. तेव्हा कुठली लायब्ररी उघडी? म्हणून एमए इतिहासाला नाव घातल्यावर कॉलेजच्या लायब्ररीची स्कॅन पुस्तकं घरबसल्या वाचायची सोय घेतली. चार महिने वापरतोय. कॉलेजचं नाव टाकत नाही, अजून परीक्षा द्यायचीय तिथं.

जुन्या वाड्यांवरचं एक पुस्तक मागितलं तर स्क्रीनवर 'आपल्यापुढे 3 वाचक'. काउंटरवर विचारलं, "मॅडम, कॉम्प्युटरमधल्या पुस्तकाला कसली रांग?" त्यांनी न बोलता कपाटातून तेच पुस्तक काढलं. वर रबर, त्यात लाल चिठ्ठी, 'स्क्रीनवर दिले आहे, देऊ नये'. विकत घेतलेली प्रत एक, म्हणून एका वेळी वाचणाराही एकच. 14 दिवसांनी फाइल आपोआप बंद होते. प्रिंट नाही, कॉपी-पेस्ट नाही, दंडही नाही.

मला हे पटलं. अमेरिकेत मात्र इंटरनेट अर्काइव्ह नावाचं ऑनलाइन ग्रंथालय याच हिशोबानं पुस्तकं देत होतं, तरी सप्टेंबर 2024 मध्ये अपील कोर्टात प्रकाशकांपुढे हरलं. तेव्हापासून आमच्या मॅडम बाजारात मिळणाऱ्या पुस्तकाला स्कॅनरवर ठेवतच नाहीत. 1883 चं नाशिकचं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचं सरकारी पुस्तक, मात्र खुशाल उतरवून घ्या, त्यावर आता कुणाचा हक्क उरलेला नाही.

राग आहे तो वेगळ्याच गोष्टींचा. नंबर लागल्याचा मेल आल्यापासून 24 तासांत पुस्तक उघडायचं, नाहीतर ते पुढच्याकडे. माझा नंबर लागला त्या दिवशी रिलीव्हर आला नाही. मोबाइल गेटवर जमा, डबल ड्युटी करून जो आडवा झालो तो उठेपर्यंत नंबर गेला. परत रांगेच्या शेपटाला.

शेवटी मिळालं. पान 87 वर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा, पण त्याचं काही नाही, ओळी वाचता येतात. नकाशा मात्र घडी न उघडताच स्कॅन केलाय. वर पंचवटी दिसते, नदीच्या अलीकडचं सगळं घडीच्या पोटात. मला हवा होता तो सराफ बाजारातला सरकारवाडाच त्यात गेला!

म्हटलं, "मॅडम, कागदी प्रतीत नकाशा तेवढा बघू द्या."

"अहो, स्क्रीनवर तुमच्याकडेच आहे ना? परत करा, मग देते."

परत केलं. रांगेतल्या पुढच्यानं दहा मिनिटांत उचललं. लाल चिठ्ठी जागच्या जागी.